मुक्काम वाढला

सॅन होजे, कॅलिफोर्निया
ऑगस्ट १९६६

प्रिय प्रेमला,

मी खुशाल आहे, पण डोकं पार उठलंय. तारापूरच्या अणुवीज केंद्राचे नकाशे इथल्या इंजिनिअरांबरोबर तपासायला आलो, तर हे लोक मला नुसते जेवायला नेतात. तेही कच्चा पाला!

काल त्यांच्या प्रमुखांना, वॉल्टरसाहेबांना, ओरडूनच म्हटलं, "मी पाहुणा नाही. ही भट्टी माझ्या गावाशेजारी उभी राहतेय. मला काम द्या."

आज सगळे नकाशे माझ्या टेबलावर आलेत आणि मुक्काम दिवाळीपर्यंत वाढलाय. म्हणजे तुझ्या बाळंतपणाला मी चिंचणीत नसणार. मागून घेतलं मीच, आता चिडू कोणावर?

पाय अजून सुजतात का? खरं लिही. आईला जवळ झोपव. बारसं मात्र मी आल्यावरच करा.

तुझा,
नरहरी