जावयाचा मान

दिपेशराव,

जावयापुढं सासूनं आवाज चढवू नये, ही आमच्या जासई गावची रीत. म्हनून आज कोर्टात मी तोंड उघडलं नाय. सरकारनं फुकट दिलेल्या वकीलबाईच कडाडल्या.

माझी लेक गेली तेव्हा तान्ही मनस्वी माझ्या मांडीवर टाकून तुम्ही गेलात, ते आता इतक्या वर्सांनी तिला न्यायला उगवलात. जजसाहेबांनी तिलाच विचारलं, "घरात ओरडतं कोण?"

"आजी."

"मग रडत कोणाकडे जातेस?"

"आजीकडंच."

तिथंच निकाल लागला. पोर माझ्याकडं राहिली.

हे पत्र टाकनार नाय, उलट बोलल्यासारखं होईल. दिवाळीला या. टावेल-टोपी देऊन मान करीन. नात मात्र मिळायची नाय.

तुमची सासू, आनि आजपासून कायद्यानं मनस्वीची पालक,
सखू