मागचा शॉकअप आणि माझे पासष्ट किलो

३ नोव्हेंबर, सोमवार
आज कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरवर मोटरसायकलचा मागचा शॉकअप पार खाली टेकला. ठक्‌! मागे बसलेली बायको 'आई गं' म्हणाली, उतरली आणि घरापर्यंत चालत गेली. दारात म्हणाली, सोळा तारखेला बाबांच्या पंचाहत्तरीला मी दादाच्या कारमधून जाणार. तुम्ही या तुमच्या घोड्यावरून.
हे होऊ देणार नाही. लग्नापासून सासुरवाडीला आम्ही मोटरसायकलवरूनच जातो. बायको मेहुण्याच्या कारमध्ये आणि मी हेल्मेट घालून मागून, ही शोभा नको.
निश्चय: शॉकअप स्वतः ठीक करायचा.

४ नोव्हेंबर
मॅन्युअल वाचलं. पोरखेळ आहे. स्प्रिंगवर एक रिंग असते, तिला खाचा असतात. वजन जास्त तशी रिंग घट्ट करायची. कोणत्या वजनाला कोणती खाच, याचा तक्ता दिलाय. चालवणारा: पासष्ट किलो. हे पाठच आहे. मागे बसणारा: ?
इथे घोडं अडलं.

५ नोव्हेंबर
बायकोला सहज विचारलं, तुझं वजन साधारण किती असेल गं? ती भाजी चिरत होती, थांबली. म्हणाली, कशाला हवंय? म्हणालो, सामान्य ज्ञान. म्हणाली, आधी स्वतःचं सांगा. पासष्ट, म्हणालो. त्यावर ती सुरी खाली ठेवून हसली. उत्तर टाळायची तिची ही जुनी पद्धत आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार
रिंग फिरवायचा हूक पाना आणला. बायकोचं वजन पन्नास धरलं. अंदाज प्रेमाने केलेला.
रिंग चिखलाने जाम झाली होती. आधी ब्रशने साफ करा, असं मॅन्युअल म्हणतं. ते नवशिक्यांसाठी. जोर लावला, पाना सटकला, बोटं सोलवटली. मग बाथरूममधल्या एका जुन्या टूथब्रशने साफ केली. रिंग लोण्यासारखी फिरली.
टूथब्रश जुना नव्हता. बायकोचा होता.

९ नोव्हेंबर, दुपारी
गयावया करून बायकोला मागे बसवलं. स्पीडब्रेकर. ठक्‌! अंदाजात प्रेम जास्त झालं होतं. पन्नासाचे सत्तर केले.
संध्याकाळी तिने विचारलं, माझं वजन किती धरलंय? तांत्रिक बाबतीत मी खोटं बोलत नाही. सांगितलं.
जेवण वाढलं, पण ताटात आदळून. मेहुण्याला लगेच फोन गेला. कार पक्की.

१२ नोव्हेंबर
मेकॅनिककडे गेलो. त्याला शिकवायला नव्हे, दुसरं मत म्हणून. म्हणाला, साहेब, शॉकअप ठणठणीत आहे, तेलाचा थेंब गळत नाही. तुम्ही एकटे बसा, किती दबतो ते बघतो. टेप घेऊन वाकला. स्प्रिंगला उगाच त्रास नको म्हणून मी पाय जमिनीवर रोवून अलगद टेकलो. तो म्हणाला, साहेब, पूर्ण बसा ना. म्हणालो, पूर्णच बसलोय. मग त्याने वजन विचारलं. पासष्ट, म्हणालो. त्याने मला वरून खाली पाहिलं, नजर मध्यावर जरा रेंगाळली. बेल्ट आवडला असावा.

१५ नोव्हेंबर
निदान पक्कं: दोष शॉकअपचा नाही, मागच्या सीटवरच्या भाराचा. बायकोला शांतपणे समजावलं. तीही शांत. म्हणाली, उद्या एकटे या. ठक्‌ झालं नाही तर येताना मुकाट तुमच्या मागे बसेन, वर माफीही मागेन. म्हणालो, आणि झालं तर? म्हणाली, मग मी सांगेन तसं करायचं, सगळ्यांसमोर.
मान्य केलं. बिचारी हरणार. तक्त्याप्रमाणे रिंग परत सैल केली, पासष्ट किलोच्या एकट्या माणसासाठी.

१६ नोव्हेंबर, रविवार
सासुरवाडीच्या फाटकासमोर स्पीडब्रेकर आहे, हे विसरलो होतो. मेहुण्याची कार पुढे, काचा खाली. फाटकात सगळं सासर उभं.
ठक्‌!
मेहुणा ओरडला, भावोजी, मागे कोण बसलंय? कारच्या खिडकीतून बायकोचं डोकं बाहेर आलं. अहो, मी इथे आहे!
केक कापल्यावर बायकोने वजनकाटा मधोमध आणून ठेवला. शब्द दिला होता, चढलो. ब्याण्णव. सासरे म्हणाले, जावईबापू, बूट काढून बघा. काढले. ब्याण्णवच. मग बायको चढली. बावन्न. म्हणजे माझा पन्नासाचा अंदाज जवळपास अचूक होता, पण तिकडे कुणाचं लक्षच नाही.
निघताना बायकोने मोटरसायकलच्या टूलबॉक्समधून हूक पाना काढला, खाली बसून रिंग शेवटच्या खाचेपर्यंत घट्ट केली, पदराने हात पुसले आणि मागे बसली. फाटकासमोरचा स्पीडब्रेकर आला. आवाज नाही. घरापर्यंत एकदाही नाही. ती माझ्या बेल्टला घट्ट धरून बसली होती आणि मधूनमधून हसत होती.
सासऱ्यांचा काटा फार जुना आहे. त्याची स्प्रिंग सैल झाली असणार. पुढच्या खेपेला उघडून बघतो.