अडलेली कालवड

मंगळवार, संध्याकाळ. कामोठे.

महाप्याच्या ऑफिसातून घरी येऊन तास झाला, चहा तसाच पडलाय. दुपारी आमच्या जनावरांच्या हेल्पलाइनवर जालन्याकडच्या एका मावशींचा फोन आला. "कालवड अडलीय बाई, पहिलंच वेत हाय, सुटका होईना. डॉक्टर धाडा." स्क्रीनवर दोनच पर्याय, गाय आणि वासरू. कालवड म्हणजे पहिल्या वेताआधीची; अजून व्यायलीच नाही ती गाय कशी? गावाकडची अक्कल चालवून मी 'वासरू' दाबलं. घरी पोचल्यावर डोक्यात शिरलं, गायींसाठी लगेच गाडी निघते, वासरांचे कॉल उद्याच्या यादीत जातात. म्हणजे गाडी निघालीच नसणार. ऑफिसला कळवलं, तर "बघतो" म्हणाले. मावशी फोन उचलत नाहीत. कालवड अडलीय! शेजारच्या खुर्चीवरच्या शहरी पोरीने डोळे मिटून 'गाय' दाबलं असतं. आणि मावशी दुपारी फोन ठेवताना म्हणाल्या होत्या, "कालवड म्हंजी काय ते कळणारी भेटलीस, नशीब माझं."