पुढच्या स्प्रिंगचं भांडण

आत्या,

प्रिय वगैरे नंतर लिहीन. आधी भांडायचंय. आज सकाळी तुझ्या टेम्पोची पुढची स्प्रिंग उघडली आणि डोकंच फिरलं. भांडायला समोर कुणी नाही म्हणून वहीत लिहितोय, आगरदांड्याच्या जेट्टीवर बसून. समोर दिघीची फेरीबोट लागलीय. आधीचा मी असतो तर असाच उठून तिच्यात चढलो असतो.

सहा तुकडे, आत्या. जुन्या टायरचे सहा तुकडे स्प्रिंगच्या वेटोळ्यांत खोचलेले आणि वरून जाळ्याच्या दोरीनं करकचून बांधलेले. ती स्प्रिंग होती की दगड? आणि ह्याच्यावर बसून तू रोज जेट्टीपासून मुरूडच्या बाजारापर्यंत मासळी न्यायचीस आणि फोनवर मला सांगायचीस, "बाला, पाठ भरून येते रे."

मी सोनमर्गला बर्फावरच्या स्कूटर चालवत होतो. तुला ते कधी पटलं नाही. "बर्फ बघाया एवढ्या लांब? माझ्या टेम्पोत बस, खोकाभर हाय," म्हणायचीस. श्रीवर्धनला सुपारी सोलायचं काम सोडलं तेव्हाही अशीच बोलली होतीस. रेवसचं सोडलं तेव्हाही. ते जाऊ दे, विषय स्प्रिंगचा आहे.

त्या स्कूटरला पुढे चाकं नसतात, दोन पट्ट्या असतात घसरायला. प्रत्येक पट्टीवर एक स्प्रिंग आणि स्प्रिंगवर एक कडं. कडं आवळलं की गाडी कडक, सैल केलं की मऊ. दोन्हीकडे सारखेच आटे फिरवायचे, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. फार सैल केलं तर खड्ड्यात तळाला आपटते. नववी नापास माणसाला एवढं कळलं, तर तुला का कळू नये?

एकदा एक पंजाबी आजी आली. कंबरेला पट्टा, पण बसायचंच म्हणाली. मी दोन्हीकडे दोन-दोन आटे सैल केले आणि तिला फिरवून आणलं. उतरल्यावर तिनं माझ्या गालाला हात लावला. त्याच दुपारी तुला फोन केला. अर्धा तास बडबडलो. तुझीपण पुढची मऊ कर, आत काय खोचलंयस ते काढ, फोटो पाठव. तू फोटो पाठवलास पापलेटचा.

मागे गडबड ऐकू येत होती. विचारलं तर म्हणालीस, "बाजारात हाय."

बाजारात नव्हतीस तू. अलिबागला दवाखान्यात होतीस. पापलेटचा फोटो जुना होता. हे मला तू गेल्याच्या नवव्या दिवशी घरी पोचल्यावर पारूमावशीनं सांगितलं. तुझ्या शेजारी बसून इतकी वर्षं बाजारात जाणारी बाई, तिच्या तोंडाला तू कुलूप लावलंस. "त्याचा सीझन हाय, त्याला कळवू नको." माझा सीझन! किती सीझन मी अर्ध्यावर टाकलेत, हा एक टाकला असता तर काय बिघडलं असतं?

डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं गेली होती, पाठीचं दुखणं तिथलंच. टेम्पोवर उगाच आळ घातलास आणि मीही तो खरा मानला. हादरे कमी झाले असते तरी तू वाचली नसतीस, हे मला कळतं. पण शेवटचे सहा महिने जरा नीट बसली असतीस ना?

म्हणून आज रागाच्या भरात सहाच्या सहा तुकडे उपटले. मग बाजाराला निघताना पारूमावशी आणि तिच्या दोन सोबतिणी, तिघीजणी नेहमीसारख्या माझ्याशेजारी दाटीवाटीनं बसल्या, बर्फाचा खोका पायाशी, सगळ्यांच्या पाट्या मागे. पहिल्याच गतिरोधकावर टेम्पोचं तोंड धाडकन खाली आपटलं. पारूमावशीची जीभ चावली गेली.

"तुकडं काढलंस व्हय रे मेल्या?"

"मऊ केलं, मावशी."

"तुझ्या आत्तीला मऊ नको होतं व्हय? आम्ही तिघी उतरलो तर तिचा टेम्पो पाळणा हाय. पण आमच्याकडं कुठं गाडी? एकत्र लिलाव, एकत्र बाजार, असं ठरलंय आमचं. मागनं आलेली मासळी गिऱ्हाईक शिळी म्हणतं. मग कुणाला जेट्टीवर ठेवायची?"

मी गाडी कडेला घेतली.

सोनमर्गचा आमचा उस्ताद पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचा : "पहले बंदा बिठाओ, फिर पाना उठाओ." बसणारं वजन बघितल्याशिवाय स्प्रिंगला हात लावायचा नाही. आणि मी फोनवर अर्धा तास तुला शिकवलं, पण तुझ्या टेम्पोत किती जणी बसतात हे एकदाही विचारलं नाही. पण तू तरी सांगायचंस ना! मी वेड्यासारखा बोलतोय आणि तू आपली "शाब्बास, शाब्बास".

बाजारातून परत आल्यावर तिघींना पुन्हा टेम्पोत बसवलं. कुरकुरल्या, पण बसल्या. मग पाना घेतला. दोन तुकडे ठेवले, चार समुद्रात फेकणार होतो, पण पारूमावशी ओरडली म्हणून डब्यात ठेवलेत. खोका आणि आपल्या पाट्या दुसऱ्या खेपेला न्यायच्या असं धरून खाली उतरवल्या आणि चक्कर मारून बघितली. आपटला नाही. मावशी म्हणाली, "आता ह्यात झोप लागंल." मग लगेच, "पण तुझा माल मागं ठेवायचा न्हाय. ठरलंय आमचं."

मी म्हटलं, "मावशी, मला मासळी विकता येत नाही. माझी काय ताजी आणि काय शिळी?"

हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. पण हो म्हणाली नाही अजून.

तिला मनवीन. उद्यापासून दोन फेऱ्या. पहिलीत त्या तिघी आणि त्यांच्या पाट्या. दुसरीत बर्फ, आपल्या पाट्या आणि मी. गिऱ्हाईक शिळी म्हणेल तर म्हणू दे, ओरडायला शिकेन. दिघीची फेरीबोट सुटली बघ आत्ता. मी इथेच आहे.

राग गेलेला नाही. तो असू दे.

तुझाच,
बाला