तुमच्या गेमच्या बोर्डाचा सेल

अहो,

आता ‘प्रिय’ वगैरे काय लिहू? तुम्ही होता तेव्हा कधी तसं म्हटलं न्हाई, आता म्हटलं तर तिकडं बसून हसाल. आज खंडेनवमी. घरोघरी हत्यारांची पूजा चाललीय आणि मी तुमच्या त्या व्हिडिओ गेमच्या बोर्डाचा सेल बदलून आत्ताच हात धुतले. खरंच! मीच बदलला. तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहायला बसले.

उन्हाळ्यात दवाखान्याच्या खाटेवरून तुम्हीच बजावलं होतं ना? “कमल, दसऱ्याला सेल बदलायचाय, बराबर ध्यानात ठेव. बोर्डाची आठवण त्याच्यावरच टिकती, तो संपला की गेम स्वतःलाच विसरून जाईल. मंग कोणी कितीबी डोकं आपटलं तरी परत येणार न्हाई.” जाणाऱ्या माणसानं बायकोला सांगायची ही गोष्ट आहे का? गॅसचं कार्ड कुठं ठेवलंय ते सांगितलं असतं तर! ते अजून सापडलं न्हाई.

जुन्या जालन्यात, कापडाच्या गल्लीत तुम्ही गेमचं दुकान टाकलं तेव्हा आपलं लग्न नवं होतं. एक मोठा लाकडी डबा, त्यात टीव्ही, आणि आत हा हिरवा बोर्ड. मी त्याला सवत म्हणायचे. पण सवतीचेबी एवढे लाड कोणी केले नसते! मे महिन्यात टेबलफॅनचं तोंड तिच्याकडं. मी म्हटलं, “मलाबी गरम होतंय,” तर तुम्ही म्हणाले, “तुला घाम तरी येतो, तिला येतो का?”

आणि ती खंडेनवमी आठवते का? मला वर्षभर तुम्ही ओरडायचे, ओला हात लावू नको, पदर लागू देऊ नको. त्या दिवशी स्वतः आंघोळ करून, सोवळं नेसून बसले आणि पाण्यात कुंकू कालवून एकेका चिपला टिळा लावला! वर अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल ठेवलं. संध्याकाळी सुरू केलं तर पडद्यावर नुसत्या रेघा, विमानाचं शेपूट एकीकडं अन् तोंड दुसरीकडं. मंग मलाच विचारायला आले, “कोणी हात लावला?” देवानंच लावला असेल, म्हटलं. दिवाळीपर्यंत तुम्ही पेट्रोलमध्ये ब्रश बुडवून कुंकू खरवडत बसले. ब्रश माझा, दात घासायचा.

दुकान बंद झालं तेव्हा वाटलं, सुटले एकदाची. घरोघरी टीव्हीला लावायचे गेम आल्ते, पोरं फिरकेनात. पण तुम्ही डबा हातगाडीवर घालून घरी आणला आणि माझी ज्वारीची कोठी हलवून तिथं उभा केला. कोठी अजून न्हाणीशेजारी आहे. ज्वारीला ओल लागती, सवत मात्र कोरडी!

सेल बदलायला दोन माणसं लागायची. जुना काढताना बोर्डाला क्षणभरबी उपाशी ठेवायचं न्हाई, म्हणून दुसऱ्या सेलच्या तारा तिथं टेकवून कोणीतरी धरायच्या. ते कोणीतरी म्हणजे मी. तुम्ही सोल्डरगननं डाग देऊन नवा सेल चिकटवणार आणि ओरडणार, “हात हलवू नको!” दूध उतू गेलं, पोळी करपली, दारात पाहुणे ताटकळले, पण मी हात हलवला न्हाई. दवाखान्यात तुमचा हात धरून बसल्ते, तेव्हाबी न्हाई हलवला. त्याचा काहीच उपयोग झाला न्हाई, हे मला अजून खरं वाटत न्हाई हो.

परवा तुमचे भाऊ म्हणाले, “वहिनी, भंगारात देऊन टाका, जागा मोकळी होईल.” मीबी हो म्हणाल्ते. तुम्ही गेल्यापासून मला कशाचंच मन होत न्हाई. खाते, झोपते, विचारलं तेवढं बोलते. पण रात्रीतून तो बोर्ड स्वतःला विसरून जाईल, हे काही केल्या सोसेना. एवढी वर्षं तारा धरल्या त्या काय भंगारासाठी?

आपली सविता जाफराबादहून सकाळच्या एसटीनं आल्ती सणाला. तिला तारा धरायला बसवलं आणि सोल्डरगन मी घेतली. पहिला डाग खाली अंथरलेल्या चादरीवरच पडला, भोक पडलं. सविता म्हणाली, “आई, बस कर, राहू दे.” मी तिच्यावर अशी ओरडले की तिनं तारा पुन्हा घट्ट धरल्या.

मंग खटका दाबला. पडदा काळा. किती वेळ काळाच. सवितानं तर डोळे मिटले. आणि एकदम ते टुंईटुंई वाजायला लागलं! आम्ही दोघी वेड्यासारख्या नाचलो. हळदीकुंकू या वेळी डब्याला वाहिलं, बोर्डाला न्हाई.

सविता म्हणे, “आता तू खेळ.” मी? इतक्या वर्षांत मी त्या हँडलला कधी हात लावला न्हाई. तुम्हीबी एकदा म्हटलं न्हाई, की कमल, एक डाव खेळून बघ! का हो?

उभी राहिले. पहिल्याच मोठ्या विमानानं मला धाडकन पाडलं. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं आणि आकडे उलटे पळायला लागले. नऊ, आठ, सात.

“हे काय विचारून राह्यलं गं?”

“पुढं खेळायचं का, विचारतंय. जल्दी दाब आई, न्हाईतर संपलं!”

मी उभीच. चार. तीन. डोळे असे भरून आले की बटण दिसेना. चाचपडत चाचपडत बोट नेलं आणि दाबलं मी.

तर ऐका. सेल उतरायला लागला की बदलत जाईन. सेलमध्ये किती जीव उरलाय ते बघायला मीटर लावायला शिकून घेईन. पावसाळ्यात ओल लागू देणार न्हाई. पण हे तुमच्यासाठी चाललंय असं समजून मिशीत हसू नका. त्या मोठ्या विमानाला मी सोडणार न्हाई. उद्या सोनं वाटून झालं की पुन्हा उभी राहणार आहे, आणि परवाबी.

तुमची,
कमल