एक्केचाळीस नंबरच्या घरचा दिवा

नाहूर,
दि. १० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. शेवंतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

मी, चंद्रप्रकाश विठोबा घाडीगावकर, वय वर्षे एकोणऐंशी, शिक्षण मराठी चौथी पास, पूर्वी कापड गिरणीत साचेखात्यात जॉबर, हल्ली निवृत्त, राहणार नाहूर, मुलगा व सून यांचेसह, सत्य सांगतो की, माझी नात कु. श्रुतिका निलेश घाडीगावकर, वय चोवीस, ही जिवंत व सुखरूप असून स्वतःच्या मर्जीने घराबाहेर राहत आहे. तिचा अधिक शोध घेण्याचे कारण नाही.

हा जबाब मी काल पोलीस चौकीत दिला. हवालदारांनी लिहून घेतला, मी वाचून पाहिला व खाली सही केली. तुला फोनवर सांगता आले असते, परंतु या घरात मुलीचे नाव उच्चारण्यास निलेशने मनाई केली आहे व दोन खोल्यांत कुजबूजही ऐकू जाते. म्हणून लिहितो.

फेब्रुवारीत लग्नाच्या पत्रिका छापून आल्यावर श्रुतिकाने हे लग्न नको म्हणून सांगितले, तेव्हा निलेश तिला म्हणाला की तू मला मेलीस. दुसऱ्या दिवशी ती पवईच्या कचेरीत जाते म्हणून निघाली ती परतली नाही. मला शोधू नका, एवढी एक ओळ आईच्या मोबाईलवर आली व तिचा फोन कायमचा बंद झाला. कचेरीत चौकशी केली तर राजीनामा देऊन गेलेली. निलेश इमारतीत सांगतो की मुलगी बंगळुरास नोकरीला आहे. तिच्या आईने, उत्तराने, मात्र चौकीत तक्रार दिली व दर आठवड्यास तेथील बाकावर जाऊन बसत राहिली.

आता दिव्याविषयी. ‘खारबेट’ नावाची एक कथामाला आहे. श्रुतिका शाळेत असल्यापासून तिची वाचक. पाच भाग निघाले. सहावा येणार येणार म्हणता नऊ वर्षे झाली, लेखिका गप्प आहेत. तरीही वाचकांनी माला मरू दिलेली नाही. त्यांनी इंटरनेटवर त्या बेटाचा नकाशा मांडला असून प्रत्येक सभासदास त्यावर एक घर दिले आहे. पुस्तकातील बेटावर समुद्रात गेलेल्यांसाठी तिन्हीसांजेला घरोघरी दिवा लावतात. त्याप्रमाणे हे सभासद रोज सायंकाळी एक ओळ लिहितात व नकाशावर त्यांच्या घरात दिवा उजळतो. श्रुतिकाचे घर एक्केचाळीस नंबरचे. तिने ते आईला एकदा कौतुकाने दाखविले होते, ते उत्तरास गणपतीनंतर आठवले. नकाशा कोणासही पाहता येतो. तिने पाहिला, तो एक्केचाळीस नंबरला दिवा होता. दुसऱ्या दिवशीही होता. तेव्हापासून एक दिवस चुकलेला नाही.

त्या दिवशी उत्तरा पोटभर जेवली. तिने चौकीत जाऊन तपास थांबवावा म्हणून लिहून दिले, परंतु तेथील लोकांना दिव्याची गोष्ट पटेना. सबब मी गेलो. घाडीगावकराच्या शब्दास अजून किंमत आहे, हे तुला कळावे.

सर्वांस यथायोग्य सांगावे. माझ्यावरची माया आहे तशीच ठेव.

तुझा दादा,
चंद्रप्रकाश

•

बोरिवली,
१९ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
शेवंतीचा शि. सा. न. वि. वि.

सख्ख्या बहिणीला पत्र लिहिताना नाव, वय आणि इयत्ता सांगणारा माणूस अख्ख्या मुंबईत तू एकटाच असशील रे दादा. चौथीत तू दोनदा बसलास असं आई सांगायची, ते मात्र जबाबात आलं नाही. ह्यांना पत्र वाचून दाखवलं तर हे म्हणाले, तुझा भाऊ वकील झाला असता तर गिरण्या बंदच पडल्या नसत्या.

हसले, पण मग डोळ्याला डोळा लागला नाही. तू दिवा पाहिलास, पोर पाहिली नाहीस. मला त्या मोबाईलमधलं काही कळत नाही. आमच्या सुनेला विचारलं तर ती म्हणते, तिथे कोण कोणाच्या नावाने बोलतं काही सांगता येत नाही, सासूबाई. चौकीत इतकं ठासून कशाला सांगायला गेलास? दिवा लावतेय ना, मग तिला विचार तरी, बाई कुठे आहेस, जेवतेस काय, अंगावर पांघरूण आहे काय.

उत्तरासाठी कुळथाची पिठी काढून ठेवली आहे. निलेशला देऊ नको. नाहीतर दे, तोही बापच आहे.

माझ्या बोलण्याचा राग आला तरी पत्र टाकायला विसरू नकोस.

तुझी,
शेवंती

•

नाहूर,
दि. १३ डिसेंबर २०२४

चि. सौ. शेवंतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

चौथीत दोनदा बसलो ते हिवतापामुळे. याची नोंद घ्यावी.

तिला विचारणे तुला वाटते तितके सोपे नाही. कोणी कोणाचा ठावठिकाणा विचारावयाचा नाही, असा त्या समूहाचा नियम आहे. ज्याला घर मिळाले नाही त्यास ओसरीवरच, म्हणजे सर्वांस खुल्या चर्चेतच, थांबावे लागते, घरांत काय लिहिले आहे ते दिसत नाही. आणि घर हवे तर पाचही भाग वाचून त्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. मी वाचले. श्रुतिकाच्याच प्रती, भिंग घेऊन, दुपारी निलेश कामावर असताना. त्याचा जुना मोबाईल माझ्याकडे होता, त्यावर एका बोटाने लिहावयास शिकलो.

प्रारंभी मला या लोकांचा तिटकारा आला होता. कमावती माणसे, आणि नसलेल्या बेटावर दिवे लावीत बसतात. आता तसे म्हणवत नाही. दर शनिवारी ओसरीवर एक जण प्रश्न मांडतो व शंभर जण त्यावर कडाकडा भांडतात. कोणी पुस्तकातील तिरफळे घातलेली आमटी रांधून तिचे छायाचित्र धाडते. मरोळ गावठाणातील लॉईड नावाचा तरुण पुस्तकातील होडी लाकडात कोरतो आहे. आपल्या गावी देवाची पालखी काय देवाच्या पायांनी चालते? चार घरे खांदा देतात म्हणून ती निघते. त्यातलाच हा प्रकार.

तिसऱ्या भागात होडीचा तांडेल वादळात बेपत्ता होतो. तो मेला की जगला, यावर यांची नऊ वर्षे फळी फुटलेली आहे. मी लिहिले की प्रेत मिळालेले नाही, पंचनामा नाही, ओळख पटविणारा साक्षीदार नाही, सबब त्यास मृत म्हणता येत नाही. यावर त्यांनी मला डोक्यावर घेतले. लॉईडने लिहिले की आजोबा, इतकी वर्षं तुम्ही होतात कुठे यार. मुलुंडची गंधाली नावाची मुलगी समूहाची व्यवस्था पाहते. तिने सांगितले की हवे ते रिकामे घर मागा. मी बेचाळीस नंबर मागितला. श्रुतिकाच्या भिंतीला भिंत.

परवा रविवारी मुलुंडच्या बागेत त्यांचे संमेलन आहे. घर तेथेच समारंभाने देतात. श्रुतिका येईल. न येण्यास तिला कारण नाही. रविवारी निलेश घरी असतो, म्हणून उत्तरास निघता येणार नाही. तिने पोरीसाठी नारळाच्या वड्या करण्याचे ठरविले आहे. घरात गोड होऊन दहा महिने झाले, हे निलेशच्याही ध्यानात येईलच. येवो.

आम्हा सर्वांसाठी देवापाशी दोन शब्द बोल.

तुझा दादा,
चंद्रप्रकाश

•

नाहूर,
दि. २३ डिसेंबर २०२४

चि. सौ. शेवंतीस आशीर्वाद.

ती आली नव्हती.

संमेलन व्यवस्थित झाले. पन्नासेक माणसे होती. मला शाल व नकाशाची प्रत दिली, टाळ्या वाजविल्या. मी प्रत्येक मुलीचे तोंड पाहून घेतले. मग गंधालीने मला बाजूला बसवून नव्या घरमालकाची कर्तव्ये समजावून दिली. ती म्हणाली की बेट कधी अंधारात ठेवायचे नाही, हाच आमचा जीव आहे. एखादा सभासद आजारी पडतो, परीक्षेत अडकतो, कंटाळतो. त्याचे घर काळोखात दिसले की इतरांचाही हुरूप जातो. म्हणून त्याचा दिवा शेजाऱ्याने लावायचा, तो परत येईपर्यंत. आणि आजोबा, तुमच्या शेजारचे एक्केचाळीस नंबर फेब्रुवारीपासून गप्प आहे. आजवर चाळीस नंबरवाला लॉईड तिथे दिवा लावत आला, आता अर्धी पाळी तुमची.

लॉईड तेथेच उभा होता. त्याने मोठ्या आनंदाने माझा हात हातात घेतला व सांगितले की बहुतेक तिचे लग्न झाले असेल, रमली असेल संसारात, पण आपण एकही दिवस चुकवला नाही. शेवंती, त्याच्या हातातून मला हात सोडवून घेता येईना.

गावाकडे सुतकात घरचा दिवा शेजारी येऊन लावतात, हे तुला व मला सांगावयास नको.

डबा भरलेला घेऊन घरी जाणे मला शक्य नव्हते. वड्या मी तेथेच वाटून टाकल्या. उत्तराने दारातच रिकामा डबा पाहिला व विचारले की तिने खाल्ल्या का, आवडल्या का. मी होकारार्थी मान हलविली. एकोणऐंशी वर्षांत मी असे केले नव्हते. त्यानंतर तिने विचारले की बारीक झाली आहे का. त्यावरही मी मान हलविली.

लॉईडची पाळीही मी मागून घेतली आहे. आता रोज सायंकाळी मी गॅलरीत तोंड फिरवून बसतो व एक्केचाळीस नंबरचा दिवा लावतो. आत उत्तरा तो पाहते आणि मग कुकर चढविते. इकडे माझ्या सहीच्या जबाबावर चौकीत तपास बंद आहे. मुलगी कोठे आहे, कशी आहे, आहे की नाही, हे शोधणारे आज या जगात कोणीही नाही, आणि हे मी केले आहे.

काय करावे ते सांग. तू धाकटी आहेस, तरी सांग.

चंद्रप्रकाश

•

बोरिवली,
३० डिसेंबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न.

पत्र दोनदा वाचलं आणि देवापुढे बसून राहिले. तू मला काय करू म्हणून विचारलंस, यातच मला सगळं कळलं. जन्मात कधी विचारलं नव्हतंस.

त्या लॉईडला काही बोलू नकोस. परका पोर, आपल्या पोरीच्या नावाने दहा महिने दिवा लावत होता. आपण काय करत होतो?

दादा, उद्याच्या उद्या चौकीत जा आणि जबाब चुकला म्हणून सांग. ते लाज वाटली तरी कर. पण उत्तराला सांगू नकोस. पाया पडते तुझ्या. तिच्या तोंडचा घास काढू नकोस. तू गुपचूप दिवा लावत राहा, पोलीस गुपचूप शोधत राहतील. सापडली की सगळं आपोआप धुऊन जाईल. खोटं बोललास तर बोललास. आईने नव्हतं सांगितलं बाबांच्या आजारपणात आपल्याला, बरे होतायत म्हणून? त्या बोलण्यावरच आपण जेवत होतो ना?

तू स्वतः दोन घास खा. मी इथे आहे, एवढं लक्षात ठेव.

तुझी,
शेवंती

•

नाहूर,
दि. १२ जानेवारी २०२५

चि. सौ. शेवंतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझा सल्ला अर्धा पाळता आला. चौकीत गेलो. हवालदार म्हणाले की बाबा, तपास थांबवा म्हणून आईने लिहून दिले आहे, आता आईच येऊ द्या. म्हणजे उत्तरास सांगितल्यावाचून पोरीचा शोध सुरू होणार नाही. चार दिवस मी तरीही दिवा लावला. पाचव्या दिवशी लावला नाही.

उत्तरा नकाशा उघडून उभी होती. चहूकडे घरे उजळत गेली व मध्ये ते एक राहिले. तिने मला विचारले की नेट गेले आहे का. मी तिला समोर बसवून पहिल्यापासून सांगितले. ती रडली नाही. धुतलेले तांदूळ तिने पुन्हा धुतले. मग पाठमोरीच विचारले की वड्या कोणी खाल्ल्या. मी सांगितले की चार लॉईडने खाल्ल्या. ती म्हणाली की आणि तुम्ही मान हलवलीत, मामंजी. त्यानंतर दोन दिवस तिने मला पाणीही दिले नाही. ते योग्यच होते. तिसऱ्या दिवशी सकाळी साडी नेसून तीच दारात उभी राहिली व चला म्हणाली.

निघण्यापूर्वी मी समूहात माझे खरे नाव व नाते लिहिले आणि विनंती केली की यापुढे एक्केचाळीस नंबरला कोणीही दिवा लावू नये. शेजाऱ्यानेही नाही, मीही नाही. मोठा वाद झाला. लॉईडचे म्हणणे पडले की हे पुस्तकाच्या विरुद्ध आहे, नऊ वर्षांत एकही घर काळोखात राहिले नाही, एक विझले की माणसे गळू लागतील. मी उत्तर दिले की तुमच्या दिव्यांनी बेट जिवंत राहिले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु ज्या घरी कोणीही दिवा लावतो, त्या घरचा माणूस आला हे कसे ओळखावयाचे? मला खोटा उजेड नको. काळोख द्या, त्याकडे मी पाहत बसेन. मग गंधालीने नियम बदलल्याचे जाहीर केले व आम्ही चौकीत येतो असे कळविले.

आता रोज तिन्हीसांजेला आम्ही दोघे नकाशा पाहतो. ते घर काळे असते. उत्तरा थोडे जेवते.

घरी सर्वांस आशीर्वाद. तुझे शब्द मोडले, तरी मला टाकू नकोस. जबाबाची नक्कल खाली देत आहे.

तुझा दादा,
चंद्रप्रकाश

मी, चंद्रप्रकाश विठोबा घाडीगावकर, माझा पूर्वीचा जबाब रद्द करतो. तो खोटा ठरला आहे. माझी नात श्रुतिका हिला मी फेब्रुवारीपासून पाहिलेले नाही व तिचा आवाज ऐकलेला नाही. ती जिवंत आहे, असे मला सांगता येत नाही. ती मृत आहे, असेही मला सांगता येत नाही. तिचा शोध घ्यावा. ती आपणहून दूर राहत असेल तर तिला परत आणू नये, फक्त ती आहे एवढे आम्हांस कळवावे.

जबाब देतेवेळी हजर साक्षीदार:
सौ. उत्तरा निलेश घाडीगावकर, मुलीची आई.
कु. गंधाली, राहणार मुलुंड, मुलीच्या ओळखीची, प्रत्यक्ष भेट कधीही नाही.
श्री. लॉईड, राहणार मरोळ, मुलीचा शेजारी.
श्री. निलेश चंद्रप्रकाश घाडीगावकर, मुलीचा बाप. यास कोणी बोलाविले नव्हते. खुर्ची दिली असता बसला नाही.