सुबाभळीखालचे उन्हाळे

आई, तू सुबाभूळ लावलीस तेव्हा प्रताप नगरातल्या आपल्या नव्या घराभोवती सावली अशी नव्हतीच. उन्हाळ्यात भेगाळणारी काळी जमीन, आखलेले रिकामे प्लॉट आणि लांबवर थरथरणारी झळ. बाबा वाडीच्या गोदामातली नोकरी सोडून छातीचं दुखणं घेऊन घरी बसले होते. डॉक्टर म्हणाले होते, यांना मोकळ्या हवेत ठेवा.

तू कुठूनशा चपट्या, चकचकीत बिया आणल्यास, त्यांवर कढत पाणी ओतलंस. सकाळी त्या टम्म फुगल्या होत्या. बाबा खाटेवरून म्हणाले, "काहून वं, इतकी घाई काहून करून राहिली? कडूनिंब लाव ना."

"त्याची वाट कोण पाहते? मले पुढच्या उन्हाळ्यात सावली पाहिजे," तू म्हणालीस.

पावसात काळ्या मातीत पाणी साचलं आणि रोपं पिवळी पडून गेली. तू रस्त्याच्या कडेचा मुरूम घमेल्यानं वाहून आणलास, मातीत मिसळून उंचवटा केलास आणि पुन्हा बिया लावल्यास. एकच रोप तगलं, पण काय वाढलं! मी शाळेतून आले की ते सकाळपेक्षा उंच झाल्यासारखं वाटायचं. बकऱ्या टपलेल्या असायच्या, म्हणून तू भोवती बोरीच्या काट्या रोवल्यास.

पुढच्या उन्हाळ्यात ते छपराला लागलं. अजून दिसतं मला: ऊन कललं आहे, बाबांची खाट झाडाखाली आहे, त्यांच्या पांढऱ्या बनियनवर जाळीदार सावली हलते आहे. तू तांदूळ निवडते आहेस. अंधारू लागलं की झाड आपली बारीक पानं मिटून घेतं, आणि बाबा हलकेच म्हणतात, "पाय वं, झाड झोपलं." मग आपण तिघंही उगीच हळू बोलतो.

त्यानंतरचा उन्हाळाही बाबांनी तिथेच काढला. पावसाळ्यात ते गेले.

तू माणूस बोलावून झाड बुडापासून तोडायला लावलंस. महिन्याभरात खोडाला कोवळे फुटवे आले. तू पुन्हा तोडवलंस. पुन्हा आले. तिसऱ्यांदा तो माणूस कुऱ्हाड घेऊन उभा राहिला, तेव्हा तू बराच वेळ त्या फुटव्यांकडे पाहत होतीस. मग म्हणालीस, "राहू दे गा. त्याले उगवाचंच आहे, तं उगवू दे." आणि घरात जाऊन त्या माणसासाठी चहा ठेवलास. बाबा गेल्यापासून तू मोठ्यानं रडलीस ती त्या दिवशी, स्टोव्हच्या आवाजात.

आता तूही नाहीस; हे पत्र कुठे पाठवणार? घडी करून ठेवते. तुला कधी सांगता आलं नाही: घरात इतकं आजारपण होतं, तू रोज झिजत होतीस, आणि तरीही मी आयुष्यात सगळ्यात सुखी होते ती तेव्हाच.